गोव्यात चोणक गरवायचा तर आधी पाणी बघा, मग लुअर, आणि रॉड सगळ्यात शेवटी

चवथ झाली, पाऊस जरा ओसरला की फिशिंगच्या दुकानात गर्दी सुरू होते आणि येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो, चोणक माशासाठी चांगला रॉड कुठला. मीपण तसाच सुरू झालो होतो. आधी रॉड घेतला, मग त्यावर चालतील अशी लुअर्स, म्हणजे माशाला फसवायची खोटी आमिषं, घेतली आणि मग ती घेऊन नदीवर गेलो, आणि पहिली दोन वर्षं हाताला शेंगाळ्याशिवाय फारसं काही लागलं नाही. मग एकदा शापोरा नदीच्या काठी एका मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, रोज गरी घेऊन बसणारे एक काका होते, त्यांनी माझी चाललेली धडपड बघून नुसतं एवढंच सांगितलं, "बाबा, पयलीं उदक पळय, मागीर गरी उडय." तेव्हापासून मी क्रम बदलला. पाणी कसं आहे ते बघायचं, त्या पाण्यात चोणकाला काय दिसेल किंवा काय जाणवेल ते लुअर निवडायचं, आणि ते लुअर नीट फेकता येईल, नीट चालवता येईल असा रॉड हातात घ्यायचा. खाली जे लिहितोय ते सगळं याच क्रमाने आहे.

बासचे व्हिडिओ बघून गोंधळू नका

यूट्यूबवर बास फिशिंग म्हणून जे दिसतं ते बहुतेक अमेरिकेतल्या लार्जमाउथ बासचं असतं. तो गोड्या पाण्यातला, तळ्यातला मासा. तिथे कडक थंडी पडते, वसंतात पाणी साठ-पासष्ट फॅरनहाइटच्या पुढे गेलं की तो अंडी घालायला काठावर येतो, म्हणून त्यांचं सगळं ऋतूचं गणित पाण्याच्या तापमानावर चालतं. आपला चोणक म्हणजे एशियन सीबास, ऑस्ट्रेलियात त्यालाच बारामुंडी म्हणतात आणि रायगडकडचे लोक जिताडा म्हणतात. आपल्या नद्यांचं पाणी ऐन जानेवारीतसुद्धा पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, त्यामुळे आपल्याकडे ऋतू बदलतो तो मुख्यतः पाण्याच्या रंगाने आणि खारटपणाने. जुलैत मांडवी लालभडक वाहते आणि तोंडापर्यंत जवळजवळ गोडी होते, आणि मे महिन्यात तीच नदी आत खूप दूरपर्यंत खारी असते. भरतीचं पाणी तर मांडवीत वर गांजे गावापर्यंत जाणवतं.

त्या व्हिडिओंमधून रॉड, रील आणि लुअर चालवायची पद्धत जरूर शिका, ती उपयोगाची आहे, बास रॉड म्हणून जे विकतात त्यातले बरेच रॉड चोणकाला छान चालतात. फक्त त्यांचं कॅलेंडर घेऊ नका.

चोणकाबद्दल दोन-तीन गोष्टी पक्क्या डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तो दबा धरून बसणारा मासा आहे, म्हणजे पाण्याचा ओढ जिथे अडतो, वळतो तिथे आडोशाला राहतो आणि वाहत येणारं भक्ष्य तोंड उघडून गपकन आत ओढतो, त्याचा तो "थप्प" असा आवाज रात्री दोनशे पावलांवरून ऐकू येतो. दुसरं, त्याच्या गालावरचं गलफडाचं झाकण ब्लेडसारखं धारदार असतं, लाईन कापतं आणि बोटंपण. आणि तिसरं, चोणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, साधारण तीन फुटांच्या आसपासचे आणि त्याहून मोठे चोणक बहुतेक माद्याच असतात. यावर शेवटी परत येतो.

पायरी पहिली: पाणी मोजा

हे कुणी शिकवत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. काठावर पोचलात की लगेच कास्ट मारू नका, म्हणजे लुअर फेकू नका. लाईनला एक पांढरं सॉफ्ट प्लास्टिक, म्हणजे मऊ रबरी लुअर, बांधा आणि ते रॉडच्या टोकापासून हातभर, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, लोंबतं ठेवा. आता रॉड काठाबाहेर धरून लुअर हळूहळू पाण्यात सोडा आणि कुठे दिसेनासं होतं ते बघा. एक वीत जायच्या आत दिसेनासं झालं तर पाणी गढूळ. वीत ते हात यांच्यामध्ये कुठेतरी गेलं तर मध्यम, चहात दूध घातल्यासारखं नाही पण तळही दिसत नाही असं. आणि रॉडचं टोक पाण्याला टेकलं तरी लुअर दिसतंच आहे तर पाणी स्वच्छ. ही तपासणी उन्हाला पाठ करून करा, नाहीतर चकाकीमुळे फसायला होतं. अर्धा मिनिट लागतं आणि त्यावरून निम्मा निर्णय होतो.

गढूळ पाण्यात मासा डोळ्यांनी फारसा शोधत नाही, अंगावरच्या रेषेने पाण्यातली थरथर ओळखतो. म्हणून तिथे लुअर मोठं, आवाज करणारं किंवा जोरात शेपटी हलवणारं हवं, आणि हळू चालवायचं, त्याला गाठायला वेळ मिळाला पाहिजे. रंग पांढरा, पोपटी-पिवळा किंवा चक्क काळा, कारण काळ्याची आकृती वरच्या उजेडासमोर ठळक दिसते. मध्यम पाण्यात सोनेरी आणि हाडासारखा पांढरट रंग, मिनो, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचं कडक लुअर, मध्यम वेगाने. स्वच्छ पाण्यात शेवटा माशाच्या पिल्लासारखं रुपेरी-हिरवट किंवा सुंगटासारखं, म्हणजे कोळंबीसारखं, पारदर्शक तपकिरी, लहान आकाराचं, आणि लीडर, म्हणजे लाईन आणि लुअर यांच्यामध्ये जोडतात तो वेगळा तुकडा, बारीक.

पायरी दुसरी: भरती-ओहोटी

आता मोबाईलवर टाईडचे तक्ते मिळतात, मुरगाव किंवा पणजीचा बघा. पण जुना हिशोब पण येऊ द्या, तो कुठेही चालतो: आजची तिथी घ्यायची आणि पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतं, आणि नदीत जेवढे आत जाल तेवढी भरती उशिरा पोचते, त्यामुळे तुमच्या नेहमीच्या जागेचा फरक एकदा घड्याळ लावून बघून वहीत लिहून ठेवा.

उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, आपल्याकडे पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं आणि भांगाला, सप्तमी-अष्टमी-नवमीला, त्याहून बरंच कमी. उधाणाचा ओढ तळचा गाळ ढवळतो, म्हणून त्याच ऋतूत त्याच जागी चार दिवसांच्या फरकाने पाणी वेगळं मिळतं. मला स्वतःला पंचमी-षष्ठीचे दिवस आवडतात, ओढ असतो पण पाणी फार मळत नाही. उधाणाला त्याच जागी जिगहेडचं, म्हणजे सॉफ्ट प्लास्टिक ज्यावर लावतात त्या वजनदार डोक्याच्या गळाचं, वजन जवळपास दुप्पट लागतं हे लक्षात ठेवा, आणि जास्त वजन म्हणजे रॉडपण जास्त ताकदीचा.

वेळ कुठली म्हणाल तर बांध आणि मानस असलेल्या जागी ओहोटी सुरू झाल्यापासूनचे पहिले दोन-अडीच तास. का ते मानशीचं दार बघितलंत की कळेल. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तसं लाकडी दार आपोआप बंद होतं, ओहोटी लागली आणि आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा उंच झालं की ते ढकललं जाऊन उघडतं, आणि खाजनातलं, म्हणजे बांधाच्या आतल्या खाऱ्या शेतजमिनीतलं, पाणी बारीक सुंगटं, शेवट्याची पिल्लं घेऊन धो-धो बाहेर पडतं. चोणक त्या फेसाच्या पट्ट्यात थेट उभा राहत नाही, फेसाच्या बाजूला जिथे पाणी गोल फिरतं तिथे असतो. कास्ट फेसात मारा आणि लुअर वाहत वाहत त्या गोल पाण्यात येऊ द्या, थेट गोल पाण्यात टाकलंत तर तो बिचकतो.

एक महत्त्वाचं, मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावात दिलेला असतो, तिथे कुणाचंतरी जाळं आणि पैसे असतात. विचारल्याशिवाय दाराजवळ कास्ट मारू नका. मी जिथे जिथे आधी विचारलं तिथे बहुतेक ठिकाणी "मार रे" असंच उत्तर मिळालंय, फक्त जाळं लावायच्या वेळी बाजूला व्हायचं.

पायरी तिसरी: रॉडवर काय लिहिलंय ते वाचा

मुठीच्या वर रॉडवर बारीक अक्षरात तीन गोष्टी असतात: लांबी, लाईन किती पौंडाची आणि लुअर किती ग्रॅमचं. लोक लांबी बघतात, पण मुख्य आहे तो लुअरच्या ग्रॅमचा आकडा. समजा सात ते अठ्ठावीस ग्रॅम लिहिलंय, तर तो रॉड खरा सुखात चालतो दहा ते बावीस ग्रॅममध्ये, दोन्ही टोकांना तो कसाबसा चालतो. हलकं लुअर जड रॉडवर लावलं तर रॉड वाकतच नाही, मग कास्ट जात नाही आणि माणूस खांद्याने जोर लावत बसतो. उलट केलं तर काय होतं ते मी भोगलंय, ऐन जुलैत मिडियम-लाइट रॉडवर अठ्ठावीस ग्रॅमचं जिग फेकत होतो, रॉडवर अठराच ग्रॅम लिहिलेलं, तिसऱ्या दिवशी कास्ट मारतानाच टोकाकडून वीतभर तुकडा निघून पाण्यात गेला.

पॉवर आणि ॲक्शन हे दोन शब्द वेगळे आहेत. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती ताकद लागते, लाइट, मिडियम, मिडियम-हेवी असं. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो, फास्ट असेल तर फक्त टोकाकडून, मॉडरेट असेल तर मधल्यापर्यंत. आता हे लुअरशी असं जुळतं. जिगहेडला एकच जाड गळ असतो, तो चोणकाच्या टणक तोंडात रुतवायला झटका थेट पोचला पाहिजे, म्हणून तिथे फास्ट. मिनो, पॉपर यांना बारीक तीन तोंडांचे ट्रेबल हूक असतात, ते लगेच अडकतात पण मासा उडी मारून डोकं झाडतो तेव्हा कडक रॉडवर ते सुटतात किंवा सरळ होतात, तिथे मधल्यापर्यंत वाकणारा मऊ रॉड मासा धरून ठेवतो. ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, लाईन अजिबात ताणत नाही, त्यामुळे हा मऊपणा रॉडमध्येच असावा लागतो. चोणक उडी मारतोच, दोन-तीन तर ठरलेल्या, म्हणून ही गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे.

एकच रॉड घ्यायचा असेल, आणि सुरुवातीला एकच घ्यावा, तर सात फुटी, मिडियम पॉवर, मॉडरेट-फास्ट, सात ते अठ्ठावीस ग्रॅमचा घ्या. त्यावर तीन हजार किंवा चार हजार साइझचं स्पिनिंग रील, वीस ते तीस पौंडाची ब्रेडेड लाईन. वर्षातले आठ महिने यावर आरामात निघतात. बेटकास्टर रील छान असतं, आडोशाजवळ अचूक टाकता येतं, पण रात्री वाऱ्यात त्याचा गुंता झाला की भरतीची वेळ त्यातच जाते, ते दुसऱ्या वर्षी बघा.

पावसाळा, जून ते सप्टेंबर

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, त्यामुळे बाजारात नदीच्या माशाला भाव येतो आणि काठावर गरीवाल्यांची संख्या वाढते. पाणी वितीच्या आत. ओढ जबर, वरून ओंडके, झावळ्या, जलपर्णीचे पुंजके वाहत येतात.

अशा पाण्यात भर नदीत कास्ट मारण्यात अर्थ नाही. चोणक काठाला चिकटतो. एखादा ओहोळ नदीला मिळतो तिथे त्याचं काळसर, जरा निवळ पाणी आणि नदीचं लाल पाणी यांची सरळ रेघ दिसते, ती रेघ शोधा. मासा निवळ बाजूला डोकं करून असतो. आणि मुसळधार पावसाच्या दिवसापेक्षा दोन-तीन दिवस उघडीप पडल्यावर जा, फरक तुम्हाला पहिल्या तासातच कळेल.

लुअर: चार ते पाच इंची पॅडलटेल, म्हणजे चपट्या शेपटीचं सॉफ्ट प्लास्टिक, पांढरं किंवा काळं, चौदा ते एकवीस ग्रॅमच्या जिगहेडवर. किंवा आत मणी खुळखुळणारं व्हाइब. व्हाइब ओढताना रॉडच्या मुठीत सतत बारीक "टरर" अशी थरथर जाणवली पाहिजे, ती थरथर थांबली म्हणजे एकतर लुअरला कचरा अडकलाय नाहीतर माशाने धरलंय, दोन्ही वेळा झटका मारा. जिगहेडचं वजन बरोबर आहे का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे तळ. लुअर तळाला टेकलं की लाईन सैल पडते आणि बोटाला "टिक" लागतं. टिक लागतच नसेल तर एक नंबर जड लावा, लुअर सारखं गाळात रुतत असेल तर एक नंबर हलकं.

रॉड मिडियम-हेवी, सात फुटी, फास्ट, दहा ते पस्तीस ग्रॅमचा. लाईन तीस ते चाळीस पौंड, लीडर पन्नासचा, गढूळ पाण्यात जाड लीडर माशाला दिसत नाही म्हणून कंजूषी नको. इथे मासा ओढाबरोबर पळतो तेव्हा तीन किलोचा चोणक सहा किलोचा वाटतो.

आणि जिवाची काळजी घ्या. जांभ्या दगडावर शेवाळ येतं ते तेल सांडल्यासारखं असतं. वीज कडकडायला लागली की कार्बनचा रॉड आडवा करून लगेच निघा. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, तिथे पाण्यात पाय सोडून बसू नका, अडकलेलं लुअर सोडवायला उतरू नका, कुठल्याच लुअरची किंमत तेवढी नाही.

दसरा-दिवाळी, ऑक्टोबर-नोव्हेंबर

खरा हंगाम हाच. वर्षातून एकच महिना सुट्टी मिळत असेल तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य घ्या. खाजनातलं कोरगुटाचं भात कापणीला येतं, नदी निवळत जाते, खालून खारं पाणी परत चढायला लागतं आणि पावसाळ्यात आत वाढलेली सगळी बारकी मासळी बाहेर येते. पाणी वीत ते हात.

इथे मिनो काढा. नऊ ते बारा सेंटिमीटर, उथळ चालणारा, आणि शक्यतो सस्पेंडिंग, म्हणजे ओढायचं थांबवलं की बुडतही नाही आणि वरही येत नाही, जागच्या जागी तरंगत राहतो. दोन झटके द्या, थांबा, मनात तीनपर्यंत मोजा, परत दोन झटके. दहातले आठ स्ट्राइक त्या थांबण्यात येतात, माझा स्वतःचा अनुभव तरी हाच आहे. नवीन माणूस थांबतच नाही, सारखं रील फिरवत राहतो आणि चोणक मागेमागे येऊन परत जातो.

पहाटे फटफटायला लागायच्या वेळी, वारा पडलेला असताना टॉपवॉटर, म्हणजे पाण्याच्या वरून चालणारं लुअर, लावा, पेन्सिल किंवा पॉपर. पाण्यावर आवाज झाला की लगेच झटका मारायचा मोह होतो, तो आवरा. मासा लुअर घेऊन वळला आणि रॉडवर वजन आलं की मगच रॉड उचला. वर जो एकच रॉड सांगितला तो या दोन महिन्यांसाठीच जणू बनलाय, लीडर तीस ते चाळीस पौंड.

थंडी, डिसेंबर ते फेब्रुवारी

पाणी स्वच्छ, पहाटे धुकं, आणि मासा आळसावलेला. खूप जण पहाटे पाचला उठून जातात आणि रिकाम्या हाताने येतात. या दिवसांत ऊन चढल्यावरची ओहोटी घ्या, दुपारी दोन ते पाचमध्ये पाणी पडत असेल तो दिवस निवडा. मासा काठ सोडून नदीच्या मुख्य खोल वाटेवर, वळणाच्या बाहेरच्या अंगाला जातो.

सगळं लहान आणि बारीक करा. तीन इंची सॉफ्ट प्लास्टिक, सुंगटाच्या आकाराचं असेल तर उत्तम, पाच ते दहा ग्रॅमचं जिगहेड, तळावरून टुणूक टुणूक. किंवा सात-आठ सेंटिमीटरचा मिनो. हे फेकायला पाच ते अठरा ग्रॅमचा मिडियम-लाइट रॉड हवा, लाईन पंधरा-वीस पौंड, लीडर वीस-पंचवीसचा. दुसरा रॉड घ्यायची वेळ येईल तेव्हा हा घ्या, याच्यावर छोटे तांबसे, गोबरे हे मासे पण मजा देतात.

रात्री पुलांवर जा. बोरी, बाणस्तारी, शिवोली-चोपडे, जिथे दिव्यांचा उजेड पाण्यावर पडतो आणि पुलाच्या सावलीची काळी रेघ दिसते तिथे बारकी मासळी उजेडात फिरते आणि चोणक सावलीत, तोंड उजेडाकडे करून. लुअर उजेडात टाकून सावलीत नेलं पाहिजे, उलट नाही. खांबांना कालवं असतात, करवतीसारखी. लीडर दर थोड्या वेळाने अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून गाठीपासून लुअरपर्यंत ओढत बघा, नखाला खरखर लागली की तेवढा तुकडा कापून परत बांधा. आळस केला तर काय होतं, तर खांबाजवळ लागलेला माझा आजवरचा सगळ्यात मोठा मासा अशाच एका न बदललेल्या लीडरवर गेला, वर आली ती लाईन टोकाला पिंजलेल्या सुतळीसारखी होती. त्या रात्रीनंतर मी दर दहा-बारा कास्टनंतर बोट फिरवतो, हिवाळ्यात लीडर बारीक असतो म्हणून जास्तच.

उन्हाळा, मार्च ते मे

दिवसा काही नाही. पहाटे पाऊण तास आणि रात्र, बस. पाणी गरम आणि खारं, उथळ जागी प्राणवायू कमी, त्यामुळे हलतं पाणी असेल तिथेच मासा. खारं पाणी वर चढतं तसे चोणक आणि तांबसेही आत वर चढतात, पावसाळ्यात जिथे फक्त गोड्या पाण्यातले मासे होते तिथे मे महिन्यात तांबसो लागू शकतो.

खडक, मोडके धक्के, पुलाचे पाये इथे तांबसो पहिल्या दोन सेकंदात दगडात घुसतो, म्हणून इथे साडेसहा फुटी आखूड मिडियम-हेवी, ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा रीलवरून लाईन सुटू देणारा ब्रेक, घट्ट, लीडर पन्नास. खोल जाणारा लांब ओठाचा मिनो किंवा व्हाइब. पहाटे टॉपवॉटर.

गाठी, ड्रॅग आणि हूक

ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी नॉट शिका, घरी पंख्याखाली बसून पन्नास वेळा बांधा, कारण काठावर अंधारात शिकता येत नाही. तोवर डबल युनी चालेल. लीडर दीड हात तरी हवा, गलफडाच्या धारेपासून तोच वाचवतो. ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे वीस पौंड लाईनला पाच ते सात पौंड, वजनकाट्याचा हूक लाईनला लावून ओढून एकदा बघा, नंतर हाताला अंदाज येतो. स्वस्त लुअरवरचे हूक आणि स्प्लिट रिंग घरी आणल्या आणल्या बदला, चोणक ते सरळ करून जातो. बदललेले हूक फार जड झाले तर सस्पेंडिंग मिनो बुडायला लागतो, म्हणून बादलीत टाकून तपासा.

मासा आल्यावर

उडी मारायला वर येतोय असं लाईनवरून कळतं, ती पाण्यातून तिरपी वर सरकते. त्या क्षणी रॉडचं टोक खाली, पाण्याजवळ न्या आणि ताण ठेवा. काठावर आल्यावर गलफडात बोटं घालू नका, लिप ग्रिप, म्हणजे ओठ धरायचा चिमटा, आणि जाळी वापरा. शेंगाळ्याच्या काट्याचं तर वेगळं सांगायला नको.

आणि आता ते वर राहिलेलं. खायला एखादा मध्यम चोणक नेला तर कुणाची हरकत नाही, मीपण नेतो, रवा लावून तळलेल्या तुकडीला तोड नाही. पण तीन फुटाच्या वरचा मासा म्हणजे बहुतेक मादी, तिला मादी व्हायला कित्येक वर्षं लागलेली असतात आणि पावसाच्या सुमाराला ती नदीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात लाखोंनी अंडी घालते. तिला सोडा, मनापासून सांगतो. पोटाखाली एक हात देऊन आडवी धरा, उभी लटकवू नका, फोटो एक काढा आणि तोंड ओढाकडे करून पाण्यात धरून ठेवा, शेपटीने स्वतः झटका देऊन जाईपर्यंत. मे महिन्यात गरम पाण्यात हे लवकर करा, तेव्हा मासा जास्त दमलेला असतो. लुअरवरच्या तीन ट्रेबलपैकी मधला काढून टाकला, किंवा ट्रेबलच्या जागी सिंगल हूक लावले तर सोडणं सोपं होतं. चोडणच्या सालीम अली पक्षी अभयारण्याच्या हद्दीत तर गरी टाकायचीच नाही, आणि तुटलेली लाईन कांदळात सोडून येऊ नका, बगळ्यांच्या पायात अडकते.

घरी आल्यावर रीलवर नळ जोरात सोडू नका, खारं पाणी आत ढकललं जातं. ड्रॅगचा नॉब घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार द्या, लुअर्स बादलीत बुडवून ठेवा, रॉडच्या रिंगांमधून ओला कापूस फिरवा. कापसाचा धागा जिथे अडकेल तिथे रिंगेला चीर गेली आहे, ती बदलेपर्यंत त्या रॉडवर ब्रेड लावू नका.